वाचलेलं यंत्र आणि बनवलेलं यंत्र

या व्याख्यानमालेत आपण एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहोत: ‘मला कळलं’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? आजवर त्यासाठी ग्रंथांचा आधार घेतला. आज मी वाटी, सुई, पाण्याची बादली आणि पडद्याचा एक रूळ यांचा आधार घेणार आहे. विषय आहे जुन्या काळातली यंत्रं घरी तयार करून चालवून पाहण्याचा. निवृत्तीनंतर मला हा नाद लागला. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हातोडी हातात घेतली की घरचे जरा सावध होतात, पण ते असो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. शोभेची प्रतिकृती वेगळी आणि चालणारी प्रतिकृती वेगळी. दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवलेलं छोटं जहाज हे जहाजाचं चित्रच असतं, फक्त लाकडात काढलेलं. ते तरंगलं नाही तरी कुणाची तक्रार नसते. चालणाऱ्या प्रतिकृतीला मात्र परीक्षा द्यावी लागते. ती पास होते किंवा नापास होते. तिचं हे पास-नापास होणं मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं.

एकाच अध्यायातली दोन यंत्रं

आपल्याला जवळचं उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ इसवी सन ११५० मधला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. या ग्रंथाच्या गोलाध्यायात ‘यंत्राध्याय’ नावाचा भाग आहे. त्यात बरीच यंत्रं सांगितली आहेत. त्यांतली दोन मी आज उचलतो.

पहिलं घटीयंत्र, म्हणजे आपलं घटिकापात्र. तांब्याचं अर्ध्या घड्यासारखं भांडं, तळाला भोक. ते पाण्यावर सोडायचं. भोकातून पाणी आत चढतं, भांडं हळूहळू खाली जातं आणि बुडतं. ठरलेल्या मापाचं असेल तर त्याला एक घटका लागते, म्हणजे २४ मिनिटं. अहोरात्रात ६० घटका, एका घटकेत ६० पळं. लग्नातलं घटिकापात्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ‘घटकाभर बस’, ‘घटका भरली’ हे आपण अजून म्हणतो आणि ‘घड्याळ’ हा शब्दही या घटीच्याच कुळातला.

दुसरं स्वयंवह यंत्र, म्हणजे आपोआप फिरणारं चाक. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं, त्याला सारख्या अंतरावर पोकळ, किंचित वाकवलेले आरे बसवायचे, ते अर्धे पाऱ्याने भरून तोंडं बंद करायची आणि चाक आसावर ठेवायचं. ते आपलं आपण फिरत राहतं, असं ग्रंथ सांगतो. ही कल्पना त्याआधी ब्रह्मगुप्ताकडेही आहे, इसवी सन ६२८ मध्ये.

आता गंमत बघा. दोन्ही वर्णनं एकाच अध्यायात, एकाच माणसाची, तितक्याच ठाम आणि नेटक्या संस्कृतात. नुसतं वाचणाऱ्याला कोणतं चालणारं आणि कोणतं न चालणारं हे भाषेवरून ओळखता येत नाही. व्याकरण दोघांनाही सारखाच न्याय देतं. फरक कळतो तो बनवायला घेतल्यावर.

घटिका बनवताना

आधी घटिका बनवू. अर्धा लिटर पाणी मावेल असं पातळ पत्र्याचं गोल बुडाचं भांडं घ्या. तांब्याचं मिळालं तर उत्तम, नाहीतर स्टीलचंही चालेल. तळाच्या बरोबर मध्यावर बारीक भोक पाडा. किती बारीक? भांडं तरंगताना बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीत साधारण १ सेंटिमीटर फरक राहतो असं धरा. तेवढ्या फरकाने पाणी भोकातून सेकंदाला सुमारे ४४ सेंटिमीटर वेगाने वर येतं. २४ मिनिटांत अर्धा लिटर आत यायचं, तर भोक १.३ मिलिमीटरच्या आसपास लागतं.

आता इथे पहिला धडा मिळतो. भोकाचा व्यास एक दशांशाने वाढला, म्हणजे १.३ चा १.४३ झाला, तर त्याचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि २४ मिनिटांची घटका २० मिनिटांवर येते. एक दशांश मिलिमीटर म्हणजे जाड कागदाइतकं अंतर. तेवढं चुकलं की चार मिनिटं गेली!

जुन्या लोकांना ही अडचण नीट ठाऊक होती. भास्कराचार्यांच्या आधीच्या ज्योतिषग्रंथांत घटिकेचं बारकाईने माप दिलेलं आहे: तांबं दहा पळं वजनाचं, उंची सहा अंगुळं, तोंड बारा अंगुळं. आणि भोकासाठी? सव्वातीन माशांपेक्षा किंचित जास्त, म्हणजे तीन आणि एक तृतीयांश मासे सोन्याची चार अंगुळं लांब सळई करायची आणि ती जाईल एवढं भोक पाडायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सोन्याचा हा काय हव्यास! पण विचार करा. मिलिमीटर मोजणारं साधन हाताशी नाही, वजन मात्र सोनाराच्या काट्यावर बारीक करता येतं. शुद्ध सोन्याची घनता ठरलेली. वजन ठरलं, लांबी ठरली की जाडी आपोआप ठरते. मोजता न येणारी जाडी त्यांनी मोजता येणाऱ्या वजनात बदलली. हे तेव्हाच ध्यानात येतं, जेव्हा आपण स्वतः भोक किती पाडायचं म्हणून अडून बसलेलो असतो.

आणि आता भास्कराचार्य काय करतात ते बघा. ते या मापांना मानत नाहीत. हे दहा पळं वगैरे नियम युक्तीला धरून नाहीत आणि तसं भांडं घडवणंही अवघड, असं ते स्पष्ट म्हणतात. त्यांचा मार्ग सोपा आहे. जमेल तसं भांडं घ्या, अहोरात्रात ते किती वेळा बुडतं ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. झालं तुमच्या भांड्याचं माप. समजा, तुमचं भांडं दिवस-रात्रीत ७५ वेळा बुडलं. म्हणजे एका बुडण्याला ४८ पळं, आपल्या हिशेबाने १९ मिनिटं १२ सेकंद. भांडं ‘बरोबर’ असायची गरजच नाही, त्याने दर वेळी सारखं वागलं पाहिजे एवढंच.

माझ्या मते हा विचारातला फार मोठा बदल आहे. आधीचे म्हणत होते, ग्रंथात सांगितलं तसं बनवा म्हणजे खरी वेळ मिळेल. भास्कराचार्य म्हणतात, बनवा आणि सूर्याला विचारा. प्रामाण्य ग्रंथातल्या मापावरून उचललं आणि निरीक्षणावर ठेवलं. आजची प्रयोगशाळा आपली उपकरणं याच पद्धतीने जुळवते.

बनवताना आणखी काही कळतं, जे श्लोकात नाही. एक, भांडं काठोकाठ भरून बुडत नाही. त्याचा काठ बाहेरच्या पाण्याला टेकतो तेव्हा आतली पातळी अजून खालीच असते. मग काठावरून पाणी आत घुसतं आणि ‘डुबुक’ होतं. ‘घटका भरली’ म्हणतो आपण, पण ती भरायच्या आधीच बुडते! दोन, भांडं जड केलं तर लवकर बुडतं. तळाशी मेणाने एखादं नाणं चिकटवून पाहा. भांड्याचं वजन हीच या घड्याळाची चावी आहे. म्हणून भोक थोडं लहानच ठेवावं आणि वजन वाढवत जाऊन वेळ जुळवावी. तीन, पाणी स्वच्छ हवं. हे ‘सूर्यसिद्धान्ता’त सांगितलेलं आहे, आणि का सांगितलं ते भोकात पहिला कचरा अडकला की कळतं. चार, हिवाळ्यात पहाटेच्या गार पाण्यात भांडं थोडं रेंगाळतं, कारण गार पाणी जास्त घट्ट वाहतं.

लीलावतीचा मोती

लीलावतीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. लग्नाची घटका मोजणाऱ्या पात्रात तिच्या पोशाखातला मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. ही गोष्ट आपल्याला मिळते ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरातून, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी.

घटिका घरात असेल तर या गोष्टीला एक प्रश्न विचारता येतो. पाणी तर भोकातून वर येतं. मग वरून पडलेला मोती भोक बुजवेल, की पाणीच त्याला उडवून लावेल? आपल्या १.३ मिलिमीटर भोकाचा हिशेब केला तर असं दिसतं: २ मिलिमीटरचा मोती पाण्याच्या दाबापुढे टिकत नाही, उचलला जातो. ३ मिलिमीटरचा मात्र आपल्या वजनाने भोकावर बसून राहतो. म्हणजे पोशाखातला जरा बऱ्यापैकी मोती हे काम करू शकतो.

यावरून लीलावतीची गोष्ट खरी ठरली का? मुळीच नाही. गोष्ट शक्य आहे एवढं ठरलं. ‘असं होऊ शकतं’ आणि ‘असं झालं’ यांत इतिहासकाराचं सगळं आयुष्य सामावलेलं असतं. पहिली गोष्ट आपण स्वयंपाकघरात ठरवू शकतो. दुसरीसाठी पुरावा लागतो, आणि तो बादलीत सापडत नाही.

न फिरणारं चाक

आता ते पाऱ्याचं चाक. आधी सूचना: घरी पारा वापरू नका. तो विषारी आहे, त्याची वाफही वाईट. रंगीत पाणी भरलेल्या नळ्या किंवा खोबणीत घरंगळणाऱ्या गोट्या घेतल्या तरी तत्त्व तेच राहतं. सायकलचं जुनं चाक छान चालतं.

कल्पना मोहक आहे. खाली उतरणाऱ्या बाजूला द्रव आऱ्याच्या टोकाकडे जातो, आसापासून लांब, म्हणून ती बाजू जड. चढणाऱ्या बाजूला तो आसाकडे सरकतो, म्हणून ती हलकी. मग चाक फिरलंच पाहिजे! तुम्ही बनवता, आसावर ठेवता, हलकासा धक्का देता. चाक फिरतं, मंदावतं, पुढेमागे झुलतं आणि थांबतं.

थांबल्यावर नीट बघा. उतरत्या बाजूला द्रव लांब आहे खरा, पण तसे आरे कमी आहेत. चढत्या बाजूला द्रव जवळ आहे, पण तसे आरे जास्त आहेत. दोन्हीकडचा जोर सारखा होतो तिथे चाक विसावतं. आणि मुळातलं कारण असं की एक फेरा पूर्ण झाला की प्रत्येक थेंब होता त्याच उंचीवर परत येतो. खाली येताना जे मिळालं ते वर जाताना फेडावं लागतं. घर्षणाचं व्याज वेगळंच.

हा मोह फक्त आपला नव्हता. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ओनकूर याच्या चित्रवहीत लोंबते हातोडे लावलेलं असंच चाक आहे. पुढे इतक्या लोकांनी अशी यंत्रं पाठवली की १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ती तपासायलाच नकार दिला.

यामुळे भास्कराचार्य लहान होतात का? मला तसं वाटत नाही. ज्या माणसाने ‘बनवा आणि मोजा’ हा नियम आपल्याला दिला, त्याचाच नियम आपण त्याच्या चाकाला लावला. मला तर हा आदर वाटतो. खरा अनादर म्हणजे न बनवता हात जोडणं, किंवा न बनवता हसणं. आपल्याकडे दोन्ही चालतं. पूर्वजांकडे विमानं होती, हे सभेत सांगितलं की टाळ्या मिळतात. त्याला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये योग्य उत्तर दिलं. त्यांनी ‘वैमानिकशास्त्र’ या पुस्तकाची थट्टा केली नाही. त्यातली वर्णनं गांभीर्याने घेतली, वजनं आणि आकार तपासले आणि निष्कर्ष दिला की ही यानं उडू शकत नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. प्रतिकृतीचा प्रामाणिकपणा म्हणतो तो हा.

गॅलिलिओ खोटं बोलला होता का?

आता जरा युरोपात जाऊ. १६३८ मध्ये गॅलिलिओचं शेवटचं मोठं पुस्तक लायडनला छापलं गेलं. त्यात उतरणीचा प्रयोग आहे. बारा हात लांब तुळई, सुमारे सात मीटर. तिच्यावर खोबण, खोबणीत गुळगुळीत चर्मपत्र, त्यावरून घरंगळणारा काशाचा गोळा. वेळ मोजायला पाण्याने भरलेलं मोठं भांडं, त्याला बारीक नळी. गोळा सुटला की नळी उघडायची, पोहोचला की बंद करायची आणि साठलेलं पाणी तोलायचं. प्रयोग शंभर वेळा केला आणि नाडीच्या ठोक्याच्या दहाव्या हिश्श्याचाही फरक पडला नाही, असं तो सांगतो.

विसाव्या शतकात अलेक्सांद्र कोयरे या मोठ्या इतिहासकाराला हे पटेना. इतक्या ओबडधोबड साधनांनी इतकी अचूकता? त्याचं म्हणणं असं की गॅलिलिओ मुळात विचारवंत, त्याने निष्कर्ष बुद्धीने काढला आणि प्रयोग सजावटीसाठी लिहिला. वाद ग्रंथांच्या आधारे चालू राहिला. मग थॉमस सेटल नावाच्या तरुण अभ्यासकाने १९६१ मध्ये एक साधी गोष्ट केली. त्याने फळी आणली, गोळा आणला, झाडाच्या कुंडीला नळी बसवून पाण्याचं घड्याळ केलं आणि प्रयोग करून पाहिला. सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी अचूकता मिळाली. अर्थात थोडा सराव लागला. बोट आणि डोळा यांचा मेळ बसावा लागतो, आणि तो वाचून बसत नाही.

हे घरी करता येतं. दोन मीटरचा पडद्याचा ॲल्युमिनियमचा रूळ घ्या, एक टोक ४ सेंटिमीटर उचला. गोळी सुमारे साडेपाच सेकंदांत खाली येते. बाटलीला सलाईनची नळी लावून सेकंदाला १० ग्रॅम पाणी पडेल अशी धार ठेवा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजणारं घड्याळ झालं. आता गोळी पूर्ण २०० सेंटिमीटर सोडा, मग फक्त ५० सेंटिमीटर सोडा. अंतर पाव झालं, पण पाणी निम्मं पडतं. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे तुम्ही काट्यावर तोललंत!

कानानेही करता येतं. वरून १२.५, ५०, ११२.५ आणि २०० सेंटिमीटरवर रुळावर बारीक दोरा आडवा बांधा. अंतरं वाढत जातात, पण गोळीचे टकटक आवाज समान लयीत येतात. घरात कुणी तबला शिकत असेल तर त्याला बोलवा, लय जरा जरी हलली तरी तो सांगेल. स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाचा तर्कच होता की गॅलिलिओने लयीचा असा उपयोग केला असावा. वडील व्हिन्चेन्झो वीणेसारखं ल्यूट वाजवणारे, घरात संगीत. तर्क आहे, सिद्ध झालेलं नाही. पण करून पाहिल्यावर तो अगदी सहज वाटतो.

हाताचं ज्ञान

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये एक भेद मांडला: ‘असं आहे’ हे माहीत असणं आणि ‘कसं करायचं’ हे माहीत असणं. दुसरं पहिल्यात पूर्णपणे उतरवता येत नाही. हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा एका नव्या प्रकारचा लेझर बांधू पाहत होत्या. ज्यांनी फक्त छापील माहितीवर भिस्त ठेवली त्यांपैकी कुणालाच तो जमला नाही. ज्यांनी आधीच बांधला होता त्यांच्याशी संपर्क आला तेव्हाच जमला.

आपल्या परंपरेत याला फार चांगला शब्द आहे: प्रवृत्तिसामर्थ्य. न्यायदर्शनात वात्स्यायन म्हणतात, ज्ञान खरं की खोटं हे त्याला धरून केलेली कृती सफल होते का, यावरून कळतं. लांबून पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जा, ओंजळ भरा, तहान भागते का बघा. चालणारी प्रतिकृती म्हणजे ग्रंथाची ओंजळ भरून पाहणं.

पण इथे आपल्याच परंपरेला एक अवघड प्रश्न विचारायला हवा. घटिकेचा श्लोक रचणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे. तांबं ठोकून ते भांडं घडवणाऱ्याचं नाव कुठे आहे? एकसारख्या जाडीचा पत्रा कसा ठोकायचा, तो फाटू नये म्हणून मधून मधून कधी तापवायचा, भोकाची कड कशी साफ करायची, हे एकाही श्लोकात नाही. पुण्यात कसब्याच्या तांबट आळीत आजही मठारकाम करणारे हात आहेत. त्यांना हे बोटांनी माहीत असतं. ज्याला संस्कृत येत होतं त्याने हातोडी धरायची नाही आणि ज्याने हातोडी धरली त्याने संस्कृत शिकायचं नाही, अशी व्यवस्था आपण शतकानुशतकं चालवली. त्यात ज्या जातींना अक्षर नाकारलं त्यांचं नुकसान झालंच, शिवाय ज्ञानाचंही झालं. चुकीचं वर्णन कारागिराच्या हातून दुरुस्त होऊन ग्रंथात परत यायची वाटच बंद झाली. ते चाक पुस्तकात इतकी शतकं फिरत राहिलं, याचं एक कारण मला इथे दिसतं.

भास्कराचार्यांनी आपल्या यंत्रांच्या यादीत शेवटी धीयंत्र सांगितलं आहे आणि ते सर्वांत श्रेष्ठ मानलं आहे. धी म्हणजे बुद्धी. पुष्कळ जण याचा अर्थ घेतात की बुद्धी असली की साधनं नकोत. पण मूळ वाचा. या यंत्रात एक काठी असते, ती डोळ्यासमोर धरून टोकांवर नजर लावायची असते. बुद्धी आहे, आणि तिच्या हातात काठी आहे.

एक प्रश्न, एक उत्तर

वेळ संपत आली आहे. एका श्रोत्यांचा प्रश्न आला आहे, तो घेतो. “सर, घटिका आपण मोबाइलच्या घड्याळावर जुळवली, तर ते जुनं यंत्र राहिलं कुठे? ते मोबाइलचीच नक्कल झालं ना?”

अगदी बरोबर पकडलंत. म्हणून मोबाइल बाजूला ठेवायचा. गच्चीवर सपाट जागी एक काठी उभी रोवा. दुपारी तिची सावली सर्वांत लहान होते आणि बरोबर उत्तर-दक्षिण पडते, तो मध्यान्ह. ती रेघ आखून ठेवा. एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत भांडं किती वेळा बुडतं ते मोजा. हा दिवस वर्षभरात २४ तासांपेक्षा अर्ध्या मिनिटापर्यंत कमी-जास्त होतो, पण ६० बुडण्यांत वाटला की तो फरक नगण्य. रात्री मात्र जागावं लागेल, पाळ्या लावा. शेवटचं भांडं अर्धवट बुडालेलं असताना सावली रेघेवर येईल, मग तो अपूर्णांक कसा मोजायचा हा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर मी आज देत नाही. भांडं तुमच्या समोर असेल, तेव्हा तुम्हीच काढाल. पुढच्या वेळी येताना काय केलंत ते सांगा.